एनिग्मा फोडणारा ॲलन ट्युरिंग शेवटच्या वर्षांत प्राण्यांच्या अंगावरच्या ठिपक्यांचं गणित मांडत होता

१९२३ सालचं एक चित्र आहे. इंग्लंडमधल्या एका शाळेचं मैदान. पोरं हॉकी खेळतायत, सगळ्यांचं लक्ष चेंडूवर. आणि एक पोरगा मात्र खेळ सोडून कमरेत वाकलाय. तो गवतातली डेझीची फुलं बघतोय.

हे चित्र काढलं होतं त्या पोराच्या आईनं. पोराचं नाव ॲलन मॅथिसन ट्युरिंग. तेव्हा वय वर्षं १०.

ट्युरिंग म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे दुसऱ्या महायुद्धात त्यानं जर्मनीच्या एनिग्मा मशीनचे संदेश फोडले. दुसरी म्हणजे आजच्या कम्प्युटरची मूळ कल्पना त्याची. द इमिटेशन गेम हा पिक्चर बघितला असेल, तर त्याचा शेवट कसा झाला तेही माहीत असतं.

पण फुलं बघत बसलेल्या त्या पोराचं पुढं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. कारण ट्युरिंग शेवटी परत तिथंच आला होता. झाडं, फुलं, प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके. त्याच्या हयातीत फार गाजावाजा न झालेला हा विषय. आणि पुढं काही दशकांनी याच विषयातून फोटोवर काम करणारी एक वेगळीच मशीन बनवण्याचा नाद शास्त्रज्ञांना लागला. अशी मशीन, जिच्यात प्रोसेसरच नसतो.

तर ही गोष्ट त्या दुसऱ्या ट्युरिंगची.

मद्रास इलाख्यातलं घर

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. पण त्याच्या घराचा कारभार चालायचा भारतातून. वडील ज्युलियस ट्युरिंग हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. नेमणूक मद्रास इलाख्यातल्या छत्रपूरला, जे आज ओडिशाच्या गंजम जिल्ह्यात येतं. आई सारा ही एडवर्ड स्टोनी यांची मुलगी. हे स्टोनी म्हणजे मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर.

त्या काळी साहेब लोक आपली लेकरं भारतातल्या हवेत ठेवायला घाबरायचे. त्यामुळं ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन या दोघांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवण्यात आलं. आईवडील येऊन जाऊन असायचे. पोराचं लहानपण दुसऱ्याच्या घरात, बरंचसं एकट्यानं गेलं.

दहाव्या वर्षी त्याच्या हाती एक पुस्तक पडलं. अमेरिकन लेखक एडविन ब्रूस्टर यांचं, मुलांसाठी लिहिलेलं. एका पेशीपासून अख्खं शरीर कसं वाढत जातं, हे त्यात सोप्या भाषेत सांगितलं होतं. शरीर हे एक यंत्रच आहे, असंही त्यात होतं. पण ही वाढ नेमकी कुठं थांबायची हे पेशींना कसं कळतं, त्याचं उत्तर तेव्हा कुणाकडंच नव्हतं. विज्ञानाचं दार आपल्यासाठी या पुस्तकानं उघडलं, असं ट्युरिंगनं पुढं आईला सांगितलं होतं.

१९२६ मध्ये शेरबोर्नच्या शाळेत त्याचं नाव घातलं. नेमका त्याच वेळी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप. रेल्वे बंद. १३ वर्षांच्या या पोरानं साउथॅम्प्टनपासून शाळेपर्यंतचं जवळपास ९५ किलोमीटरचं अंतर सायकलवर कापलं. रस्त्यात एका खानावळीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर.

शाळेतच त्याला ख्रिस्तोफर मॉरकम भेटला. गणित आणि खगोलशास्त्राचं वेड असलेला, ट्युरिंगपेक्षा वर्षभरानं मोठा. ट्युरिंगचा त्याच्यावर जीव होता. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयानं गेला. ट्युरिंग आतून हलला. माणूस गेला की त्याचं मन कुठं जातं, निर्जीव अणूंपासून मन तयारच कसं होतं, हे प्रश्न त्याच्या मागे लागले ते कायमचे.

एका वेळी एकच खण

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. २२ व्या वर्षी तिथलाच फेलो झाला. आणि १९३६ मध्ये त्यानं तो पेपर लिहिला, ज्यामुळं त्याला कम्प्युटरचा बाप म्हणतात.

त्यात त्यानं एक काल्पनिक मशीन मांडलं. एक लांबच लांब पट्टी, तिच्यावर खण पाडलेले. एक डोकं त्या पट्टीवरून पुढं-मागं सरकतं. एका वेळी एकच खण वाचायचा, ठरलेल्या नियमानं त्यात काहीतरी लिहायचं किंवा पुसायचं, आणि शेजारच्या खणावर जायचं. बास. एवढ्या साध्या यंत्रानं, नियमांत बसणारा कुठलाही हिशोब करता येतो, हे त्यानं सिद्ध केलं. त्याच दमात, काही प्रश्न असे आहेत की ते कुठलंच मशीन सोडवू शकत नाही, हेही दाखवून दिलं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. एका वेळी एक खण, एकामागून एक पायरी. आज तुमच्या खिशातला फोन कितीही फास्ट असला, तरी त्याच्या मुळाशी हीच पद्धत आहे.

पुढं अमेरिकेत प्रिन्स्टनला जाऊन त्यानं १९३८ मध्ये पीएचडी मिळवली आणि मायदेशी परतला. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कमध्ये हजर झाला.

एनिग्माची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यामुळं थोडक्यात. पोलंडच्या गणितज्ञांनी युद्धाआधीच एनिग्मा फोडण्याची सुरुवात केली होती. त्या पायावर ट्युरिंगनं बॉम्ब नावाचं नवं यंत्र डिझाइन केलं, गॉर्डन वेल्चमननं त्यात मोठी सुधारणा केली. जर्मन नौदलाचे संदेश सगळ्यात अवघड होते, ते काम ट्युरिंगच्या हट ८ कडं होतं. अटलांटिकमधून ब्रिटनकडं येणारी जहाजं जर्मन पाणबुड्यांपासून वाचवायला या कामाचा मोठा हात लागला.

गडी तसा विक्षिप्तच होता. परागकणांची ॲलर्जी होती म्हणून गॅस मास्क लावून सायकल चालवायचा. चहाचा मग कुणी पळवू नये म्हणून साखळीनं रेडिएटरला बांधून ठेवायचा.

युद्ध संपल्यावर त्याला ओबीई हा किताब मिळाला. पण कशासाठी, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ब्लेचलीचं काम १९७० च्या दशकापर्यंत गुप्त राहिलं. म्हणजे ट्युरिंग जिवंत असेपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो कोण आहे, याचा पत्ताच नव्हता.

गोळ्याला हात-पाय कसे फुटतात?

१९४८ मध्ये ट्युरिंग मँचेस्टर विद्यापीठात आला. फेब्रुवारी १९५१ मध्ये तिथं फेरांटी कंपनीचा नवा कोरा कम्प्युटर आला. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आता हा माणूस या मशीनवर गणितं करत बसणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

ट्युरिंगनं मात्र जीवशास्त्र काढलं.

त्याचा प्रश्न लहान पोरानं विचारावा तसा होता. गर्भ सुरुवातीला एक गोल गोळा असतो. सगळीकडून सारखाच. मग त्यातली एक बाजू डोकं आणि दुसरी बाजू पाय, हे ठरवतं कोण? सगळ्या पेशी सारख्या, कुणी मुकादम नाही, कुणाकडं नकाशा नाही. तरी झेब्र्याला पट्टे येतात आणि बिबट्याला ठिपके.

ट्युरिंगचं उत्तर होतं, रसायनं.

आता इथं जरा नीट बघू. पाण्याच्या ग्लासात शाईचा थेंब टाकला की काय होतं? शाई पसरते आणि थोड्या वेळात सगळं पाणी एकसारखं निळं होतं. याला विसरण किंवा डिफ्युजन म्हणतात. विसरणाचं काम म्हणजे फरक मिटवणं, सगळं सारखं करणं. त्यातून नक्षी तयार होईल असं कुणालाच वाटणार नाही.

ट्युरिंगनं गणितानं नेमकं उलटं दाखवलं. दोन रसायनं एकमेकांशी अभिक्रिया करत असतील आणि दोघांचा पसरण्याचा वेग वेगळा असेल, तर विसरणामुळंच एकसारखेपणा मोडतो आणि नक्षी उमटते.

कसं, ते अफवेच्या उदाहरणानं समजून घेता येईल. समजा, एका तालुक्यात एक अफवा उठली. ती तोंडी पसरते, म्हणजे हळूहळू. जिथं अफवा जास्त, तिथं ती आणखी वाढते. पण अफवा वाढली की पोलिसांची जीप पण निघते, लाउडस्पीकरवर खुलासा करत. जीप वेगानं आजूबाजूच्या गावांत पोचते. त्यामुळं होतं काय, तर जिथं अफवा उठली तिथं ती एवढी जोरात असते की खुलाशाला दाद देत नाही. आजूबाजूच्या गावांत मात्र खुलासा आधीच पोचल्यानं अफवेला थाराच मिळत नाही. जीपचा आवाज जिथवर पोचत नाही, तितक्या लांब गेलं की पुन्हा दुसरी अफवा उठते.

वरून नकाशा बघितला तर काय दिसेल? ठरावीक अंतरावर अफवेचे ठिपके. ते कुठं पडावेत हे कुणीही ठरवलेलं नाही.

अफवेच्या जागी रंग तयार करायला लावणारं रसायन ठेवा, खुलाशाच्या जागी त्याला रोखणारं रसायन ठेवा, आणि तालुक्याच्या जागी प्राण्याची कातडी. झालं. वेगांचं आणि अभिक्रियांचं प्रमाण बदललं की ठिपक्यांचे पट्टे होतात. यालाच आज रिॲक्शन-डिफ्युजन सिस्टिम म्हणतात आणि उमटणाऱ्या नक्षीला ट्युरिंग पॅटर्न. एक वाढवणारा आणि एक रोखणारा अशी सुटसुटीत मांडणी पुढं १९७२ मध्ये गीरर आणि माइनहार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी केली, पण गाभा ट्युरिंगचाच.

मजा म्हणजे त्या पेपरमध्ये गायीच्या अंगावर असतात तसल्या धब्ब्यांचं एक चित्र आहे. ते ट्युरिंगनं कम्प्युटरवर नाही, तर काही तास बसून हातानं आकडेमोड करून काढलं होतं. पेशींच्या कड्यावर नक्षी कशी उमटते, ही गणितं मात्र त्यानं मँचेस्टरच्या नव्या मशीनकडून करून घेतली.

९ नोव्हेंबर १९५१ ला हा पेपर रॉयल सोसायटीकडं पोचला. छापून आला १४ ऑगस्ट १९५२ ला.

या नऊ महिन्यांत त्याच्या आयुष्याची पार उलथापालथ झाली.

घरफोडीची तक्रार आणि ३१ मार्च

डिसेंबर १९५१ मध्ये मँचेस्टरच्या एका थिएटरबाहेर ट्युरिंगची एका १९ वर्षांच्या तरुणाशी ओळख झाली. दोघांमध्ये संबंध जुळले. जानेवारीत ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. चोर त्या तरुणाच्या ओळखीतला होता. ट्युरिंगनं कुठलाही सरळ माणूस करेल तेच केलं, पोलिसांत तक्रार दिली.

पोलिसांना चोरीपेक्षा त्या तरुणात जास्त रस वाटला. त्यांनी विचारलं आणि ट्युरिंगनं काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. आपण काही चुकीचं केलंय असं त्याला वाटतच नव्हतं. पण ब्रिटनमध्ये दोन पुरुषांमधले संबंध हा गुन्हा होता. १८८५ सालचा कायदा, त्याच कलमाखाली १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेला होता.

पेपरमध्ये सुचवलेल्या दुरुस्त्या करून ट्युरिंगनं तो परत पाठवला, तो पोचला १५ मार्च १९५२ ला. त्यानंतर बरोबर १६ दिवसांनी, ३१ मार्चला तो कोर्टात उभा होता. त्यानं गुन्हा कबूल केला. समोर पर्याय दोन, तुरुंग किंवा प्रोबेशन. प्रोबेशनची अट अशी की वर्षभर हार्मोनचे उपचार घ्यायचे, म्हणजे इस्ट्रोजेन देऊन वासना मारायची.

त्यानं दुसरा पर्याय घेतला. तुरुंगात गेला असता तर काम थांबलं असतं.

शरीर कसं आकार घेतं याचं रसायनशास्त्र मांडणाऱ्या माणसाच्या शरीरात सरकारनंच रसायन घातलं. त्याची छाती वाढायला लागली. सरकारच्या गुप्त संदेशांच्या कामासाठी त्याला बोलावलं जायचं, ती परवानगी काढून घेण्यात आली. ज्या देशासाठी त्यानं एनिग्मा फोडलं, त्याच देशाला तो आता धोकादायक वाटायला लागला.

आपल्याकडचं ३७७ कलमही याच ब्रिटिश काळातलं, १८६० च्या दंडसंहितेतलं. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध सुप्रीम कोर्टानं त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ ला.

ट्युरिंग काम करत राहिला. आता त्याच्या डोक्यात सूर्यफूल होतं. सूर्यफुलाच्या मधल्या तबकडीत बियांच्या वळणदार रांगा असतात, काही डावीकडं वळणाऱ्या तर काही उजवीकडं. मोजल्या तर बहुतेक वेळा ३४, ५५, ८९ असे आकडे येतात. हे फिबोनाची मालिकेतले आकडे, म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज करून पुढची काढायची. पाइनच्या शंकूसारख्या फळांतही हेच. फुलाला ही मालिका कुणी शिकवली? ट्युरिंगला वाटत होतं, आपल्या रसायनांच्या गणितातून याचंही उत्तर निघेल. मँचेस्टरच्या कम्प्युटरवर त्याची आकडेमोड चालू होती, वह्या भरत होत्या.

हार्मोनचे उपचार संपून वर्ष उलटून गेलं होतं. ८ जून १९५४ ला घरकाम करणाऱ्या बाईंना ट्युरिंग विल्म्सलोच्या घरात मृतावस्थेत सापडला. मृत्यू आदल्या दिवशीचा, सायनाइडनं. पलंगाशेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. वय अवघं ४१.

चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. आईनं तो कधीच मान्य केला नाही. पोरगा घरात सायनाइड वापरून रसायनांचे प्रयोग करायचा आणि हात नीट धुवायचा नाही, म्हणून हा अपघात आहे, असं तिचं म्हणणं होतं. त्या सफरचंदाची तपासणी झालीच नाही. आणि हो, ॲपल कंपनीचा लोगो त्या सफरचंदावरून आला ही निव्वळ दंतकथा आहे, लोगो बनवणाऱ्यानंच ती फेटाळली आहे.

सूर्यफुलाचं काम अर्धवटच राहिलं.

मॉस्कोतलं रंग बदलणारं पाणी

ठिपक्यांच्या पेपरकडं सुरुवातीला फार कुणी बघितलं नाही. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली आणि जीवशास्त्राचा सगळा रोख तिकडं वळला. शिवाय प्रत्यक्षात अशी रसायनं कुणी दाखवलेली नव्हती.

गंमत बघा, त्याच सुमारास मॉस्कोत बोरिस बेलुसॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञाला एक विचित्र मिश्रण सापडलं होतं. त्याचा रंग बदलायचा, मग परत पहिल्यासारखा व्हायचा, मग परत बदलायचा. घड्याळासारखं. संपादकांनी त्याचा पेपर परत पाठवला, असं होणं शक्यच नाही म्हणून. १९६० च्या दशकात झाबोटिन्स्की या तरुण संशोधकानं ते काम पुढं नेलं आणि ते खरं ठरलं. १९८० मध्ये या कामाला लेनिन पुरस्कार मिळाला. बेलुसॉव्ह १९७० मध्येच वारला होता. या मिश्रणाचा पातळ थर बशीत ओतला तर त्यात वर्तुळाकार लाटा फिरताना दिसतात.

ट्युरिंगनं सांगितलेली स्थिर नक्षी प्रयोगशाळेत दिसायला मात्र १९९० साल उजाडलं. फ्रान्समधल्या बोर्डोच्या गटानं जेलमध्ये ठिपके उमटवून दाखवले. ३८ वर्षांनी.

त्याआधी गणितज्ञ जेम्स मरे यांनी याच समीकरणांतून एक भारी गोष्ट काढली होती. अंगावर ठिपके आणि शेपटीवर पट्टे असलेला प्राणी असू शकतो, उलटं मात्र सहसा होत नाही, कारण निमुळत्या शेपटीवर ठिपक्यांना जागाच पुरत नाही. पुढच्या वेळी बिबट्याचा फोटो बघाल तेव्हा शेपटीचं टोक बघा. १९९५ मध्ये जपानच्या शिगेरू कोंडो यांनी एंजलफिश माशाचे पट्टे मासा वाढताना कसे सरकतात ते दाखवलं. ते समीकरणांप्रमाणेच सरकत होते.

प्रोसेसर नसलेली मशीन

आता फोटोचा विषय.

कॅमेऱ्यातला फोटो म्हणजे लाखो ठिपके, पिक्सेल. त्यातली एखाद्या वस्तूची कड शोधायची तर नेहमीचा कम्प्युटर काय करतो? मेमरीतून पिक्सेल उचलतो, शेजाऱ्यांशी तुलना करतो, उत्तर परत ठेवतो, मग पुढचा. ट्युरिंगची १९३६ ची पट्टीच ती. फोटो मोठा, तेवढी उचल-ठेव जास्त, तेवढी वीज जास्त.

आपला डोळा असं करत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब या खेकड्यासारख्या जीवाच्या डोळ्यावर काम केलं होतं. त्या डोळ्यात प्रकाश पडलेला घटक शेजाऱ्यांना दाबतो. त्यामुळं उजेड आणि अंधार यांच्यामधली कड आपोआप उठून दिसते. या कामाचा त्यांच्या १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा होता. आपल्या रेटिनातही असंच चालतं. स्वतः पेटायचं आणि आजूबाजूच्यांना रोखायचं, म्हणजे अफवा आणि जीपच की.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की हे काम रसायनांकडूनच करून घेतलं तर?

१९८९ मध्ये कुहनर्ट, अग्लाद्झे आणि क्रिन्स्की यांनी ते करून दाखवलं. बेलुसॉव्हच्याच मिश्रणात त्यांनी रुथेनियम वापरून ते प्रकाशाला दाद देणारं बनवलं. पातळ थर केला आणि त्यावर एक चित्र प्रकाशानं पाडलं. थोड्या वेळानं त्या द्रवात चित्राच्या कडा उमटल्या. कधी चित्र सुलट दिसायचं, कधी निगेटिव्हसारखं. चित्राच्या प्रत्येक बिंदूवर एकाच वेळी काम चालू होतं. प्रोसेसर कुठं होता? कुठंच नव्हता, किंवा मग सगळीकडंच होता.

पण अडचणीही होत्याच. या लाटा मिनिटाला काही मिलिमीटर एवढ्याच वेगानं सरकतात. आणि थोड्या वेळानं रसायनं संपून जातात. बशीभर द्रव घेऊन कॅमेरा बनत नाही.

म्हणून पुढची पायरी, रसायनं सोडायची पण त्यांचा नियम सिलिकॉनच्या चिपमध्ये उतरवायचा. प्रत्येक पिक्सेलला एक छोटं सर्किट, म्हणजे एक पेशी. ती फक्त शेजाऱ्यांशी जोडलेली. विसरणाचं काम शेजारच्या पेशीत जाणारा करंट करतो, अभिक्रियेचं काम ट्रान्झिस्टर करतात. १९८८ मध्ये लिऑन चुआ आणि लिन यांग यांनी अशी शेजाऱ्यांपुरती जोडलेली जाळी मांडली होती. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात तेत्सुया असाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट रिॲक्शन-डिफ्युजनच्या चिप डिझाइन केल्या.

फायदा असा की सगळ्या पेशी एकदम काम करतात, त्यामुळं पिक्सेल वाढले म्हणून वेळ त्या प्रमाणात वाढत नाही. डेटाची ने-आण नाही, कारण जिथं प्रकाश पडतो तिथंच काम होतं. तोटा असा की प्रत्येक पिक्सेलजवळ सर्किट ठेवायचं म्हणजे जागा लागते, म्हणून पिक्सेल कमी बसतात. शिवाय सिलिकॉनमधले दोन ट्रान्झिस्टर कधीच हुबेहूब सारखे नसतात आणि ॲनालॉग सर्किटमध्ये तो फरक उत्तरात उतरतो. दरम्यान साध्या डिजिटल चिप एवढ्या स्वस्त आणि वेगवान झाल्या की या चिप प्रयोगशाळेबाहेर फारशा पडल्या नाहीत.

पण एक उपयोग असा निघाला, की तो वाचून ट्युरिंग हसला असता. जपानच्याच तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्युरिंग पॅटर्नची समीकरणं डिजिटल रूपात आणली आणि खराब झालेल्या बोटांच्या ठशांच्या फोटोंवर चालवली. ठशातल्या तुटलेल्या रेषा समीकरणांनी जोडल्या गेल्या, कारण असले पट्टे काढणं हाच त्या समीकरणांचा स्वभाव.

आणि २०२३ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या गटानं दाखवलं की गर्भातल्या बाळाच्या बोटांवर हे ठसे मुळात तयारच ट्युरिंगच्या पद्धतीनं होतात. बोटावर तीन जागांहून रेषांच्या लाटा निघतात आणि त्या कुठं, कशा भिडतात त्यावर तुमचा ठसा ठरतो. म्हणजे आधार कार्डासाठी तुम्ही जो अंगठा मशीनवर ठेवता, त्यावर १९५२ चा तो पेपर उमटलेला आहे.

पन्नास पौंडांची नोट

१० सप्टेंबर २००९ ला ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी ट्युरिंगला दिलेल्या वागणुकीबद्दल सरकारच्या वतीनं माफी मागितली. डिसेंबर २०१३ मध्ये राणीनं त्याला शाही माफी दिली. त्याच्यासारख्याच हजारो पुरुषांना त्या जुन्या कायद्यांखाली शिक्षा झाली होती. त्यांच्यासाठीची तरतूद यायला २०१७ साल उजाडलं. तिला लोक ट्युरिंगचा कायदा म्हणूनच ओळखतात.

२३ जून २०२१ ला, त्याच्या वाढदिवशी, बँक ऑफ इंग्लंडनं ५० पौंडांची नवी नोट आणली. तिच्या मागच्या बाजूला ट्युरिंगचा फोटो आहे, बॉम्ब यंत्राची रेखाटनं आहेत, १९३६ च्या पेपरमधलं गणित आहे. आणि एक चकाकता लाल शिक्का आहे, सूर्यफुलाच्या तबकडीच्या आकाराचा. त्याच्या अर्धवट राहिलेल्या कामासाठी.

ते काम लोकांनी हाती घेतलं २०१२ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला. मँचेस्टरहून आवाहन झालं आणि लोकांनी घरोघरी सूर्यफुलं लावली, त्यांच्या बियांच्या रांगा मोजून पाठवल्या. २०१६ मध्ये ६५७ फुलांचे निकाल छापून आले. बहुतेक फुलांत फिबोनाचीचे आकडे निघाले. पण काही फुलांत निघाले नाहीत, आणि ते का निघाले नाहीत हेही आता गणिताला सांगावं लागणार आहे.